मागच्या ॲक्सलचा आवाज : आधी निदान, मग पाना

डिसेंबर २०१५चा पहिला दिवस चेन्नई शहर विसरलेले नाही. २ डिसेंबरच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत तांबरम येथे ४९, तर नुंगंबाक्कम येथे २९ सेंटीमीटर पाऊस नोंदला गेला. चेंबरंबाक्कम तलावाचे पाणी सोडावे लागले, अड्यार नदी पात्राबाहेर पडली, विमानतळ बंद करावे लागले आणि असंख्य वाहने उभ्या जागी बुडाली. अशा पुरानंतर वाहनाचे इंजिन उघडले जाते, आसने उन्हात वाळवली जातात, विजेच्या तारा तपासल्या जातात. वाहनाच्या पोटाखाली आडव्या असलेल्या मागच्या ॲक्सलकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. तो गाळ धुतला की स्वच्छ दिसतो आणि वाहन चालूही लागते. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी मागच्या बाजूने एक बारीक गुणगुण ऐकू येऊ लागते. तेव्हा पुराची आठवण पुसट झालेली असते आणि आवाजाचे कारण भलतीकडेच शोधले जाते.

ही गोष्ट केवळ चेन्नईची नाही. ऑगस्ट २०१९मध्ये कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांत, तर जुलै २०२१मध्ये चिपळूणमध्ये ट्रॅक्टर, जीप आणि मालवाहू गाड्या पुराच्या पाण्यात उभ्या होत्या. शिवाय पूर नसतानाही ओढे ओलांडणारी विस्तार कार्यकर्त्याची जीप आणि भातखाचरात चिखलणी करणारा ट्रॅक्टर दर पावसाळ्यात अर्धे अंग पाण्यात बुडवूनच काम करतात. पेरणीच्या किंवा फवारणीच्या ऐन आठवड्यात असे वाहन बंद पडले, तर दुरुस्तीच्या खर्चापेक्षा हुकलेल्या वाफशाचे नुकसान मोठे ठरते. आणि चाकाचे बेअरिंग उताराच्या रस्त्यावर निकामी झाले, तर प्रश्न पैशांचा उरत नाही.

कीडनियंत्रणात एक नियम सर्वांना पाठ असतो : किडीची ओळख पटल्याशिवाय फवारणी करू नये. पान पिवळे पडण्यामागे रसशोषक कीड असू शकते, नत्राची कमतरता असू शकते किंवा मूळकूजही असू शकते. लक्षण एक आणि कारणे अनेक. मागच्या ॲक्सलच्या आवाजालाही हाच नियम लागू पडतो. आवाज हे लक्षण आहे. तो ऐकताच बेअरिंग बदलणे म्हणजे पिवळे पान दिसताच हाती लागेल ते औषध फवारणे होय.

घराची रचना

निदानापूर्वी या घरात कोण कोण राहते, हे ठाऊक असावे. जीपसारख्या वाहनात गिअरबॉक्समधून निघालेली शक्ती प्रोपेलर शाफ्टने मागे येते. या शाफ्टच्या टोकांना क्रॉस असतात; चाके खाली-वर झाली तरी त्यांच्यामुळे शाफ्ट फिरत राहतो. ॲक्सलच्या मध्यभागी असलेल्या गोल घरात लहान पिनियन मोठ्या क्राउन व्हीलला फिरवतो. येथे गतीची दिशा काटकोनात वळते, वेग घटतो आणि जोर वाढतो. क्राउन व्हीलला जोडलेल्या पेटीत डिफरेन्शियलचे लहान गिअर असतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते. दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देण्याचे काम हे गिअर करतात. वाहन सरळ चालत असताना ते पेटीबरोबर फिरतात, पण स्वतःभोवती फिरत नाहीत. निदानात ही एकच गोष्ट फार उपयोगी पडते. पेटीच्या दोन्ही बाजूंनी निघालेले हाफ शाफ्ट चाकांपर्यंत पोहोचतात आणि तेथे चाकांची बेअरिंगे असतात.

पाणी आत कसे शिरते

चालत्या वाहनाचा ॲक्सल तापतो आणि आतील हवा प्रसरण पावते. ती बाहेर पडावी म्हणून घराला ब्रीदर नावाचे एक छोटे श्वासछिद्र असते. तापलेला ॲक्सल अचानक थंड पाण्यात उतरला की आतील हवा आकसते आणि तिच्या जागी बाहेरचे पाणी ओढले जाते, कधी ब्रीदरमधून, तर कधी ऑइल सीलच्या कडेने. ब्रीदर चिखलाने बुजला असेल, तर उलटा त्रासही होतो : आतील दाब वाढून तेल सीलमधून बाहेर पडते आणि ब्रेकच्या ड्रमवर उतरते.

आत गेलेले पाणी तेलात मिसळून तेलाचा थर दुबळा करते. वाहन दीर्घकाळ उभे राहिल्यास बेअरिंगचे रोलर जेथे टेकलेले असतात तेथेच गंज धरतो आणि पोलादाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात. वाहन चालू लागले की रोलर त्या खड्ड्यांवरून फिरतात, खड्ड्यांच्या कडा तुटतात आणि सुटलेले कण तेलाबरोबर क्राउन व्हीलच्या दातांपर्यंत पोहोचतात. पूर आणि आवाज यांच्यामध्ये काही महिन्यांचे अंतर पडते ते यामुळे. कोकणातील बागायतदारांना ही चाल ओळखीची वाटेल. माडाच्या खोडाला कान लावल्यावर सोंड्या भुंग्याच्या अळ्यांची कुरतड ऐकू येते, तोपर्यंत आतील गर बराच पोखरलेला असतो.

आवाज कसा, यापेक्षा कधी

आवाजाचे वर्णन प्रत्येक जण आपल्या शब्दांत करतो. एकाची घरघर ती दुसऱ्याची गुणगुण असते. म्हणून अनुभवी मिस्त्री आवाज कसा आहे, यापेक्षा तो कधी येतो आणि कशाने बदलतो, हे आधी विचारतो. त्यासाठी रिकाम्या, सपाट रस्त्यावर वाहन एकाच वेगाने चार अवस्थांत चालवून पाहावे : ॲक्सिलरेटर दाबून, स्थिर ठेवून, सोडून, आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून. इंजिन कोणत्याही अवस्थेत बंद करू नये, कारण ब्रेक आणि स्टिअरिंग यांना त्याचे साहाय्य असते. पुढील निरीक्षणे लिहून ठेवावीत.

• वाहन उभे असताना इंजिनचा वेग वाढवल्यावरही तोच आवाज येत असेल, तर दोष मागच्या ॲक्सलमध्ये नाही. चाके आणि प्रोपेलर शाफ्ट तेव्हा थांबलेले असतात. शोध इंजिन, क्लच, गिअरबॉक्स किंवा हायड्रॉलिक पंपाकडे वळवावा.

• रस्ता बदलताच, म्हणजे डांबरावरून सिमेंटवर जाताच आवाज बदलत असेल, तर संशय टायरवर घ्यावा. खोल नक्षीचे चिखलाचे टायर असमान झिजले, की त्यांचा आवाज हुबेहूब बिघडलेल्या बेअरिंगसारखा येतो. पुढचे टायर मागे लावून पाहिल्यास आवाजाची जागा बदलते आणि फारसा खर्च न होता निदान होते.

• वेगाबरोबर वाढणारी, पण ॲक्सिलरेटरच्या दाबाने न बदलणारी घरघर बहुधा चाकाच्या बेअरिंगची असते. स्टिअरिंग हलकेच डावीकडे वळवल्यावर भार उजव्या चाकावर येतो. तेव्हा आवाज वाढला, तर उजव्या बाजूचे बेअरिंग तपासावे. उजवीकडे वळताना वाढला, तर डाव्या बाजूचे.

• ॲक्सिलरेटर दाबल्यावर किंवा सोडल्यावरच येणारी, ठरावीक वेगात तीव्र होणारी गुणगुण क्राउन-पिनियनकडे बोट दाखवते. दाबल्यावर दातांची एक बाजू भार घेते, सोडल्यावर दुसरी. केवळ सोडल्यावर आवाज येत असेल, तर पिनियनची बेअरिंगे सैल झाली असण्याची शक्यता आधी पाहावी.

• सरळ चालताना शांत आणि केवळ वळणावर कुरकुरणारा ॲक्सल डिफरेन्शियलच्या लहान गिअरांचा दोष सांगतो, कारण ते स्वतःभोवती वळणावरच फिरतात.

• गिअर टाकताना किंवा ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना एकच ‘खट्ट’ ऐकू येत असेल, तर प्रथम प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस पाहावेत. ते ठीक असतील, तर क्राउन-पिनियनमधील वाढलेली फट किंवा झिजलेले वॉशर यांचा विचार करावा.

काही आवाज मुळात बिघाडच नसतात. जोडायच्या-सोडायच्या प्रकारची फोर व्हील ड्राइव्ह कोरड्या डांबरी रस्त्यावर जोडून ठेवली, तर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या गतीतील फरकाला वाट मिळत नाही. शाफ्टमध्ये पीळ साठतो, वाहन वळणावर अडखळते आणि कण्हल्यासारखे आवाज येतात. फोर व्हील ड्राइव्ह सोडताच ते थांबतात. आपोआप लॉक होणारे डिफरेन्शियल असलेल्या जीपचे एक चाक चिखलात गरगरू लागले की मोठा ‘खट्ट’ आवाज होतो; तो लॉक बसल्याचा असतो. वाहनाची उंची वाढवण्यासाठी पाटे बदलले असतील, तर क्रॉसचा कोन बदलून शाफ्ट थरथरू शकतो. तेव्हा ॲक्सल खोलण्यापूर्वी तो कोन तपासावा.

आकड्यांची साक्ष

आवाजाची लय मोजता आली तर निदान अधिक नेमके होते. जुन्या जीपमध्ये आढळणारी जोडी उदाहरणादाखल घेऊ : क्राउन व्हीलला ४३ दात आणि पिनियनला ८. चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर धरल्यास ताशी ४० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला सुमारे ५ फेऱ्या घेते, प्रोपेलर शाफ्ट सुमारे २७, आणि दातांची भेट सुमारे २१७ वेळा होते. म्हणजे सेकंदाला पाच ठोके पडत असतील, तर दोष चाकाच्या गतीने फिरणाऱ्या भागात आहे : टायर, ब्रेकचा ड्रम किंवा क्राउन व्हीलचा तुटलेला दात. शाफ्टच्या गतीची थरथर क्रॉस किंवा पिनियनच्या दिशेने नेते. दातांच्या भेटीचा आवाज मात्र सलग गुणगुण म्हणूनच ऐकू येतो. मधमाशी सेकंदाला सुमारे २३० वेळा पंख हलवते. तिचा गुंजारव ज्यांच्या कानांत आहे त्यांना क्राउन-पिनियनचा सूर याच पट्टीत ओळखता येईल. वेग वाढला की सूर चढतो आणि कमी झाला की उतरतो. मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवल्यास पुढील महिन्यात तुलना करता येते.

तेल हेच पहिले नमुनापत्रक

कान चुकू शकतात, तेल सहसा चुकत नाही. वाहन सपाट जागेवर उभे करून तेल भरण्याचा बोल्ट उघडावा; बहुतेक ॲक्सलांमध्ये तेलाची पातळी त्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत असावी लागते. नंतर खालच्या बोल्टमधून थोडे तेल स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्यावे. दूध घातलेल्या कॉफीसारखा रंग म्हणजे पाणी. उन्हात धरल्यावर चमकणारी चकचकीत कणी म्हणजे झीज. जळका वास म्हणजे तेल कमी असताना किंवा अतिभारात वाहन चालल्याची खूण. खालच्या बोल्टला चुंबक असेल, तर त्यावरील राखाडी मऊ लेप नेहमीचा असतो. टोचणारे तुकडे किंवा पापुद्रे मात्र दात अथवा बेअरिंग तुटल्याचे सांगतात.

तेलाची निवडही तितकीच महत्त्वाची. जीपच्या क्राउन-पिनियनचे दात एकमेकांवर केवळ लोळत नाहीत, तर घसरतातही. अशा ॲक्सलला सहसा जीएल-५ दर्जाचे तेल सांगितलेले असते, कारण त्यातील रसायने प्रचंड दाबाखाली धातूवर रक्षक थर धरतात. परंतु हेच तेल सर्वत्र चालते असे समजू नये. अनेक ट्रॅक्टरांत गिअर, हायड्रॉलिक आणि तेलात बुडालेले ब्रेक एकाच तेलावर चालतात. तेथे कंपनीने सांगितलेल्या तेलाऐवजी दुसरे भरल्यास ब्रेक लावताच मागून चिरका आवाज आणि थरथर येऊ शकते. तो ॲक्सलचा दोष समजून ट्रॅक्टर खोलला जातो, आणि खरा दोष डब्यावरच्या नावात असतो.

ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूने येणाऱ्या आवाजांत आणखी एक गफलत होते. तेलाची पातळी घटली किंवा गाळणी तुंबली, की हायड्रॉलिक पंप किंचाळतो. ट्रॅक्टर उभा असताना लिफ्ट उचलून पाहिल्यास हा आवाज वेगळा काढता येतो. डिफरेन्शियल लॉक दाबलेला ठेवून बांधावर ट्रॅक्टर वळवणे ही सवय तर आवाजापाशी न थांबता गिअर तोडण्यापर्यंत जाते.

वाहन उचलताना

रस्त्यावरच्या चाचणीने संशयितांची यादी लहान होते. पुढची तपासणी वाहन उचलून करावी लागते. पुढच्या चाकांना ओट लावावी आणि ॲक्सलखाली मजबूत घोड्या ठेवाव्यात. केवळ जॅकच्या भरवशावर वाहनाखाली जाऊ नये. एकच चाक उचलून इंजिनच्या जोरावर ते फिरवणे टाळावे : वाहन जॅकवरून निसटू शकते आणि डिफरेन्शियलचे लहान गिअर भलत्या वेगाने फिरतात. तपासणी हातानेच करावी. चाक वर-खाली धरून हलवल्यास सैल बेअरिंग कळते. सावकाश फिरवल्यास खरखर बोटांना जाणवते. प्रोपेलर शाफ्ट हाताने पिळल्यास क्रॉसची ढिलाई दिसते. दोन्ही बाजूंची तुलना करणे सर्वांत उपयुक्त. निरोगी बाजू ही प्रयोगातील नियंत्रण प्लॉटसारखी असते. थोडे अंतर चालवून आल्यावर दोन्ही हबच्या उष्णतेतील फरकही बोलका ठरतो. मात्र अडकलेला ब्रेकही हब तापवतो, हे लक्षात असावे, आणि तापलेल्या लोखंडावर थेट हात टेकवू नये.

जोडी मोडू नये

निदान क्राउन-पिनियनपर्यंत पोहोचले, तर काम कुशल मिस्त्रीच्या हाती द्यावे. दातांमधील फट सहसा मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतकी असते. ती डायल गेजने मोजावी लागते, दातांना रंग लावून ते कोठे टेकतात हे पाहावे लागते आणि बेअरिंगांचा ताण पुस्तिकेप्रमाणे बसवावा लागतो. अंदाजाने नट आवळून काही दिवस आवाज दबतो, नंतर दुपटीने परततो.

चेन्नईच्या परिसरात श्रीपेरुंबुदूर, ओरगडम, मरैमलै नगर या पट्ट्यात वाहनांचे आणि सुट्या भागांचे कारखाने आहेत. त्याच शहरातील पुदुपेट भागात जुनी वाहने सुटी करून त्यांचे भाग विकले जातात. असे बाजार महाराष्ट्रातही आहेत आणि शेतकऱ्याची अडलेली नड ते भागवतात. तेथून ॲक्सलचे घर किंवा हाफ शाफ्ट घेणे समजण्यासारखे आहे. क्राउन व्हील एका वाहनाचे आणि पिनियन दुसऱ्याचे घेणे मात्र घातक. ही दोन्ही चाके जोडीनेच घासून जुळवलेली असतात आणि त्यांच्यावर बहुधा जोडीचा क्रमांक कोरलेला असतो. जोडी मोडली, तर दातांची संख्या जुळूनही सूर जुळत नाही. जुने वाहनच विकत घेत असाल, तर मागच्या ॲक्सलचे तेल बाटलीत घेऊन पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. पूर्ण नुकसानीत निघालेली पुराची वाहने लिलावातून दूरच्या जिल्ह्यांत पोहोचतात, आणि धुतलेल्या रंगापेक्षा ते तेल अधिक प्रामाणिक असते.

किती थांबावे

प्रत्येक किडीसाठी आर्थिक नुकसानीची पातळी असते, तशी प्रत्येक आवाजासाठीही असते. टायरचा आवाज टायर झिजेपर्यंत सोसता येतो. जुन्या क्राउन-पिनियनची वर्षानुवर्षे न वाढणारी गुणगुण, तेल स्वच्छ असेल तर, नोंद ठेवून पुढे नेता येते. चाकाच्या बेअरिंगची घरघर मात्र थांबण्यासारखी नसते. अनेक जीपांच्या ॲक्सलमध्ये हाफ शाफ्टला जागेवर धरून ठेवण्याचे काम हेच बेअरिंग करते. ते तुटले, तर शाफ्टसह चाक बाहेर येऊ शकते. अचानक सुरू झालेले ठोके आणि तेलातील धातूचे तुकडे यांबाबतही तसेच. वाहन तेथेच थांबवावे.

पाण्याबाबतचा उपाय या सर्वांहून स्वस्त आहे. पावसाळ्यापूर्वी ब्रीदर साफ करावा. शक्य असल्यास त्याला रबरी नळी जोडून तिचे टोक पाण्याच्या पातळीच्या वर, चॅसिसवर बांधावे. वाहन हबच्या वर पाण्यात गेले असेल, तर ते आठवडाभर उभे करून ठेवण्यापूर्वीच तेल तपासावे, आणि दुधाळ दिसल्यास त्याच दिवशी बदलावे. ॲक्सल नवे तेल घालून थोडा चालवून ते पुन्हा एकदा पाहावे, कारण पहिल्या खेपेला सर्व पाणी निघतेच असे नाही. वाहनाच्या वहीत त्या दिवसाची तारीख लिहावी. सहा महिन्यांनी मागून गुणगुण ऐकू आली, तर मिस्त्रीला सांगण्यासारखी पहिली गोष्ट तीच तारीख असेल.